धापूची बावडी

परत आल्यापासून आळीत जी भेटते ती एकच विचारते, “हवामहाल पाहिलात का हो?” पाहिला. पुढून दिसतो तेवढाच आहे, मागं फारसं काही नाही. आमेरचा किल्लाही पाहिला, हत्तीवर मात्र बसले नाही, कारण माझी कंबर. लाखेच्या बांगड्या आणल्या होत्या, त्या वाटून संपल्या. आता कुणाला आणखी ऐकायचंच असेल, तर ज्या एका विहिरीपायी मी तिथं जीव जाळून आले तिची हकीकत सांगते. ऐकायला गोड नाही. ज्यांना गोड हवंय त्यांनी मिळालेल्या बांगड्या घेऊन घरी जावं.

जायचं कारण साधं होतं. धाकटी बहीण शालू जयपूरला असते. तिचे यजमान वसंतराव केंद्र सरकारच्या हिशेबाच्या खात्यात अधिकारी, चीनच्या लढाईच्या आधी नागपूरहून बदली होऊन तिकडे गेलेले. शालूचं पोटाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी जड उचलायची बंदी केली, आणि तिनं लिहिलं, “ताई, गणपतीला तरी ये.” आमचे हे म्हणाले, “जा खुशाल. इथं मी आहे आणि मांजर आहे.” तेव्हा श्रावण संपता संपता मी निघाले. गाडीचं वर्णन करत नाही. अहमदाबादच्या पुढं सगळी वाळू माझ्या केसांत येऊन बसली, एवढं पुरे.

वाई सोडली तेव्हा कृष्णा घाटाच्या पायऱ्या चढत वर आली होती. जयपूरला उतरले तर आभाळ कोरडं ठणठणीत. “यंदा पाऊस रुसलाय,” वसंतराव स्टेशनवरच म्हणाले. पण टांग्यातून घरी जाताना बघते तर मोठा रस्ता ओलाचिंब! म्हटलं, हे काय? तर कुणी परदेशी पाहुणे यायचे होते, म्हणून टँकरनं रस्ता धुऊन काढला होता. चौकातलं कारंजंसुद्धा उडत होतं. टांगेवाल्याचा घोडा मध्येच थांबला आणि डबक्यात तोंड घालून पाणी प्यायला लागला. त्या दिवशी त्या पाण्याचा उपयोग एका घोड्याला तेवढा झाला.

शिळं पाणी

शालूचं घर तिलक नगरच्या पलीकडच्या एका नव्या वसाहतीत. मोती डुंगरीची टेकडी मागं दिसते. सगळीकडं बांधकाम, विटांचे ढीग, चुन्याच्या चक्क्या. जिथं तिथं खणलेलं, आणि खणलेल्यात फुटलेले नळ. घरं मात्र देखणी. प्रत्येक घरापुढं बाग, बागेत हिरवळ. नळाला पाणी येतं सकाळी, तेही मांजरानं दूध चाटावं इतका वेळ. वरच्या अंगाच्या बंगलेवाल्यांनी नळाला मोटरी लावून घेतल्या आहेत, त्यामुळं खालच्या अंगाला नुसतं फुस्स होतं. शालू खालच्या अंगाला.

हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि कळलं ते अद्दल घडून. सकाळी सगळ्यांच्या आधी उठले. म्हटलं, बिचारीला जड उचलायची बंदी आहे, आपण हातासरशी पाण्याचं करून टाकावं. पिण्याचा तांब्याचा हंडा, कळशी, तपेली, सगळ्यांतलं कालचं शिळं पाणी मोरीत ओतलं, चिंच लावून भांडी अशी घासली की तोंड दिसावं, आणि नळाखाली नेऊन ठेवली. आपल्याकडं कुठल्याही घरात पोरी हेच शिकतात. शिळं पाणी प्यायचं नाही, देवाला घालायचं नाही. नळ सोडला. त्यानं एक सुस्कारा टाकला आणि गप्प झाला.

शालू आली, तिनं चकचकीत भांडी बघितली आणि मटकन खाली बसली. “ताई, अगं ते तीन दिवसांचं पाणी होतं गं!” तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. दहा वर्षांची तिची मीनू दारात उभी राहून म्हणाली, “मावशी, मतलब तू सगळं फेकून दिलं? सगळंच?” फेकून म्हणे! पण बोलायला तोंड कुठं होतं मला.

त्या घरात आंघोळ परातीत बसून करतात. परातीतलं पाणी कपड्यांना, कपड्यांचं फरशीला, फरशीचं तुळशीला. मी वाईची. आडाला रहाट, पाठीमागं नदी. माझ्या एका न्हाण्यात या लोकांचा आठवडा निघाला असता.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि डोक्यावर दोन घागरींची उतरंड घेऊन एक बाई आत आली. काळीसावळी, उंच, मोठा घेराचा घागरा, कपाळापर्यंत ओढलेली ओढणी, आणि हातांत कोपरापर्यंत पांढऱ्या चुड्या. हीच धापू. शालूला भाजी देणारी माळीण. शालूला बंदी झाल्यापासून पिण्याचं पाणीही तीच आणून घालत होती. तिनं रिकामी भांडी बघितली, मग माझ्याकडं बघितलं आणि शालूला विचारलं, “आ कुण? थांकी जीजी?” म्हणजे ही कोण, तुझी ताई का? शालूनं झालेला प्रकार सांगितला. धापू ओढणीआड अशी हसली की चुड्या वाजल्या. मला म्हणाली, “बासी पाणी? पाणी बी कदे बासी होवै?” म्हणजे पाणीही कधी शिळं होतं का!

मला राग आला, खोटं कशाला सांगू? पण तिनं घागर तिरकी करून माझ्या ओंजळीत पाणी ओतलं आणि मी प्याले. गार होतं, आणि गोड होतं. आमच्या आडासारखं. माझा राग गेला.

ढाणी

धापू राहायची ती वस्ती वसाहतीच्या कडेलाच. चार-पाच मातीची घरं, कुडाच्या भिंती, बाभळीचं कुंपण. तिथं वस्तीला ढाणी म्हणतात. वसाहत उभी आहे ती सगळी जमीन पूर्वी या माळ्यांची होती. सरकारनं घेतली, मोबदला काय दिला देव जाणे. ढाणी तेवढी राहिली, आणि ढाणीशेजारची बावडी.

बावडी म्हणजे पायऱ्यांची विहीर. धापूच्या आजेसासऱ्याच्या वेळची, बिनरंगाची, बिननक्षीची. पुस्तकात फोटो येतात तसली नव्हे. दगडी पायऱ्या खोल खोल उतरत जातात, आणि जसजसं खाली जावं तसतसं अंग निवत जातं. चप्पल वरच काढायची. खाली कुणी धुणं धुवायचं नाही, चूळ भरायची नाही. मी खाली जाऊन नुसते पाय बुडवायला लागले तर धापूची सासू वरून अशी ओरडली की मी पाय पोटाशीच घेतले. म्हातारी तोंडाची फटकळ, अगदी माझ्यासारखी.

पाऊस नसताना बावडीत पाणी होतं. नळ कोरडे पडले की सगळी खालच्या अंगाची वसाहत गुपचूप याच बावडीचं पाणी प्यायची. साहेब लोक स्वतः जात नसत, नोकर जात. आणि हेच साहेब लोक दर महिन्याला बैठक भरवून ठराव करत होते की बावडी बुजवावी. डास होतात, पोरंबाळं पडतील, आणि वसाहतीला पार्क नाही. वसाहतीच्या समितीचे चिटणीस कोण? आमचे वसंतराव.

मी जेवताना विचारलं, “वसंतराव, बावडी बुजवली तर ती ढाणीतली माणसं काय करतील?”

“ताई, तुम्ही काळजी करू नका,” ते म्हणाले. “नळ दिल्याशिवाय बावडीला हात लावायचा नाही. मी शब्द दिलाय त्यांना.”

माणूस वाईट नाही हो. ऑफिसातली टाचणी घरी आणत नाही. शालूच्या दुखण्यात रात्र रात्र जागलेला. धापूलाही त्यांच्या शब्दाचा केवढा भरवसा! मला भाजी मोजून देताना म्हणायची, “साब नै कही है, पैली नळ, पछै पारक.” आधी नळ, मग पार्क. हे ती दिवसातून एकदा तरी म्हणायची. तिला सगळ्या जगात एवढीच एक गोष्ट हवी होती. ढाणीच्या तोंडाशी एक नळ, आणि तो येईपर्यंत बावडी.

तिच्या घरी एकदा जेवलेसुद्धा. बाजरीची भाकरी, लसणाची लाल चटणी, आणि सांगरीची भाजी. सांगरी म्हणजे तिकडच्या काटेरी झाडाच्या वाळवलेल्या शेंगा. त्यांना म्हणे पाणी लागतच नाही. झाडाला लागत नसेल, मला तांब्याभर लागलं. जेवण झाल्यावर हात धुवायला उठले तर म्हातारीनं राखेनं हात चोळायला लावला आणि वर चमचाभर पाणी घातलं. आमच्या घरी पाहुण्याच्या हातावर असं पाणी घातलं असतं तर सोयरीक मोडली असती.

देवांची गल्ली

जयपुरात सगळ्या हिंदुस्थानचे देव घडतात. एक अख्खी गल्ली आहे. दारादारांत संगमरवराचे राम, कृष्ण, दुर्गा, कुणाला नाक नाही, कुणाला अजून डोळे नाहीत, आणि सगळं पांढऱ्या धुळीनं माखलेलं. तिथल्या मराठी मंडळींचा, म्हणजे बँक, विमा, सरकारी खाती आणि लष्कर मिळून जमलेल्या पंधरावीस बिऱ्हाडांचा, सार्वजनिक गणपती असतो. आधीची वर्षं पुण्याहून शाडूची लहानशी मूर्ती कुणाच्या तरी मांडीवर बसून यायची. त्या वर्षी मंडळींना हुरूप आला. लष्करातले एक मेजरसाहेब अध्यक्ष झाले होते. ते म्हणाले, देवांच्या गावात राहतो आणि देव पुण्याहून मागवतो, शोभतं का हे? म्हणून गल्लीतल्या एका कारागिराला चांगली हातभर मोठी मूर्ती सांगितली होती. ती आणायला वसंतरावांबरोबर मीही गेले.

शाडू तिकडं कुणाला ठाऊक नाही. कारागिरानं मूर्ती केली होती प्लास्टरची, साच्यात ओतून. वरून तैलरंग, आणि त्याच्यावर व्हार्निश. मूर्ती झकास होती, उगाच का म्हणू! डोळे तर असे, की आता बोलेल. म्हातारा कारागीर अभिमानानं सोंडेवर नख वाजवून म्हणाला, “बीस बरस भी कुछ नहीं बिगड़ेगा, साब. बारिश में रख दो.”

मी म्हटलं, “वीस वर्षं कशाला? दहा दिवसांनी पाण्यात सोडायचाय.”

म्हातारा माझ्याकडं बघतच राहिला. “डुबाओगे? गणेशजी को?” त्यानं वसंतरावांकडं बघितलं, की ही बाई बरी आहे ना. तिकडं गणपती म्हणजे शेंदूर फासलेला, मोती डुंगरीच्या टेकडीखाली देवळात कायमचा बसलेला. लग्नाची पहिली पत्रिका त्याला. त्याला घरी आणायचं, लाडू खायला घालायचे आणि मग बुडवून टाकायचं, हे ऐकून त्याचा चेहरा कसनुसा झाला. “पहले बताते,” तो म्हणाला, “तो कच्ची मिट्टी का बना देता.”

आमच्या लोकांनी त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. गणपती म्हटला की तो विरघळणारा, हे कुणाला सांगावं लागतं असं त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

“आता काय करायचं?” मी टांग्यात विचारलं.

“जाईल विरघळून कधीतरी,” वसंतराव म्हणाले.

अनंत चतुर्दशी

गणपती शालूच्या वसाहतीतच बसला, दहा दिवस मजेत गेले. तांदळाची पिठी मिळेना, म्हणून कणकेचे मोदक तळले. मीनूनं आरती हिंदी शाळेतल्या प्रार्थनेच्या चालीत म्हटली, नाटक झालं, नाटकात मेजरसाहेब संवाद विसरले. आजूबाजूचे लोक कौतुकानं बघायला येत. धापूही यायची, दारातूनच हात जोडायची आणि प्रसाद ओढणीच्या गाठीत बांधून न्यायची. मला वाटलं, परमुलखात आपली माणसं किती जीव लावून हे सगळं करतात! तेव्हा खरंच भरून आलं होतं मला.

विसर्जन दरवर्षी शहराबाहेरच्या तळ्यात होई. त्या वर्षी तळ्यात नुसता भेगाळलेला चिखल. मिरवणूक निघायच्या आदल्या दिवशी मंडळींना हे आठवलं. चर्चा सुरू झाली, आणि कुणीतरी म्हणालं, “अहो, बावडी आहे की शेजारी!”

मी तिथंच होते. म्हटलं, “वसंतराव, ते पिण्याचं पाणी आहे. तुम्हीसुद्धा तेच पिता.”

“ताई, वाईला तुम्ही घरचा गणपती कुठं सोडता?”

कपाळ माझं. आम्ही आडातच सोडतो. पण तो वीतभर, शाडूचा, रंगाचा एक हात दिलेला, रात्रीत विरघळणारा. आणि पलीकडं अख्खी नदी वाहते आहे. हे मी सांगितलं, पण बायकांच्या बोलण्याकडं अशा वेळी कोण बघतो? मेजरसाहेब म्हणाले, “भाभीजी, श्रद्धेचा प्रश्न आहे.”

ढोल वाजवत, गुलाल उधळत मिरवणूक बावडीवर आली. चपला घालून माणसं पायऱ्या उतरली. खालच्या पायरीवर धापू घागर भरत होती. तिनं वर बघितलं. मूर्तीच्या मागोमाग सगळ्या बिऱ्हाडांचे घरचे गणपती, दहा दिवसांच्या निर्माल्याची पोती, मखराचे रंगीत कागद, थर्मास भरून आणलेलं दूध, सगळं येताना तिला दिसलं. ती घागर तशीच सोडून पुढं झाली आणि वसंतरावांना म्हणाली, “साब, आ तो रंगेड़ी मूरत है. पछै म्हे कांई पीवांला?”

मग आम्ही काय प्यायचं? एवढंच विचारलं तिनं, तेही हात जोडून.

वसंतराव हसले. माझ्याकडं आणि तिच्याकडं बघून मराठीतच म्हणाले, “एवढ्याशा मूर्तीनं काय होतंय?” आणि मग हिंदीत तिला, “भगवान है, बाई. भगवान से कभी पानी ख़राब होता है?”

देवाचं नाव घेतल्यावर ती काय बोलणार? ती बाजूला झाली. ओढणी पुढं ओढून तिनं मूर्तीला नमस्कार केला. वरच्या पायरीवर तिची ती फटकळ सासू उभी होती, तिनंही केला. मी त्यांच्या जागी असते तर घागर घातली असती एकेकाच्या डोक्यात. “पुढच्या वर्षी लवकर या,” असं ओरडत आमच्या लोकांनी मूर्ती सोडली. ती बुडताना बावडीचं पाणी गुलालानं लाल झालं, आणि वर तेलाचा तवंग पसरला.

मोटर

पुढं काय झालं ते सांगायला मला आवडत नाही. फुलं कुजली. वास सुटला. ढाणीतली पोरं उलट्या-जुलाबांनी पडली, धापूची सासू अंथरुणाला खिळली. शालूच्या घरी धापूनं पाणी आणणं बंद केलं. “ओ पाणी थांनै कोनी पाऊं,” म्हणाली. हे पाणी तुम्हांला पाजणार नाही. आपल्या घरी मात्र ती तेच उकळून पाजत होती, कारण दुसरं आणायचं कुठून?

शहरातून आरोग्य खात्याचा माणूस आला, त्यानं नाकाला रुमाल लावला, पांढरी पूड टाकली आणि पाटी ठोकली की पाणी पिण्यास अयोग्य. आणि लगोलग समितीची बैठक. आता बावडी बुजवायला कारणच हाती आलं होतं ना! रोगराईचं मूळ. सगळ्यांचे हात वर झाले. वसंतरावांचासुद्धा.

“आणि तुमचा शब्द?” मी विचारलं. “नळाचं काय?”

“अर्ज गेलाय, ताई. वर पडून आहे. मी काय करणार?” त्यांनी मान वर केली नाही. “आणि आता तसंही ते पाणी पिण्यालायक राहिलंय कुठं?”

“कुणामुळं नाही राहिलं?”

शालूनं मला डोळ्यांनी गप्प केलं. बहिणीच्या घरी राहायचं म्हणजे जीभ दाताखाली धरून राहायचं. महिन्याभरात माझ्या जिभेला घट्टे पडले.

बुजवण्याआधी बावडी उपसायची ठरली. मोठं डिझेलचं इंजिन आणलं, जाड रबरी नळ आत सोडला, आणि पाणी सोडलं कुठं, तर रस्त्यावर! अहो, पाऊस नाही, नळ कोरडे, विहिरी आटलेल्या, आणि वसाहतीच्या रस्त्यावरून दिवसच्या दिवस पाणी वाहतंय. मीनूनं कागदाच्या होड्या सोडल्या. वरच्या अंगाच्या बायकांनी बागेतल्या मोगऱ्याला चर काढून दिला. इंजिन थांबलं की रात्रीतून झरे पुन्हा पाणी भरून ठेवत, आणि सकाळी आमचे लोक पुन्हा उपसत. अगं बाई, एवढे झरे होते तिला! नुसता गाळ काढून घासूनपुसून घेतली असती तर महिन्याभरात पुन्हा प्यायजोगी झाली असती. मी हे मोठ्यानं बोललेसुद्धा, त्या इंजिनाच्या आवाजात. कुणाला ऐकू गेलं असेल तर शप्पथ.

मग वाड्या-बंगल्यांच्या पायातली माती, फुटक्या विटा, चुन्याची ढेकळं भरलेले ट्रक यायला लागले.

परतीचा देव

घटस्थापना झाली होती. मी निघायच्या आदल्या सकाळी फाटक वाजलं. बघते तर धापू. डोक्यावर घागर, आणि कडेला ओढणीत गुंडाळलेलं, मूल घ्यावं तसं काहीतरी. तिनं ते शालूच्या पायरीवर अलगद ठेवलं आणि ओढणी सोडली.

आमचा गणपती. व्हार्निश होतं तसंच. डोळे तसेच, आता बोलेल असे. उजव्या हाताचं एक बोट तेवढं गेलेलं आणि कानाच्या कडेला शेवाळ. कारागीर खोटं बोलला नव्हता.

“थांका गणेशजी,” धापू म्हणाली. “ट्रक माटी पटकबा लाग्या. म्हे कोनी दबबा दिया.” ट्रक माती टाकायला लागले, आम्ही याला गाडू दिलं नाही. तिचा नवरा आणि दीर कमरेला दोर बांधून गाळात उतरले होते. ज्यानं त्यांचं पाणी नासवलं त्याला त्यांनी विटांखाली जाऊ दिलं नाही. मी तिथंच पायरीवर बसले आणि रडले. लाज कसली त्यात?

मग तिनं डोक्यावरची घागर उतरवली. रिकामी होती. “बाईजी, एक घड़ो पाणी?”

शालूनं दिली भरून. टाकीत होतं तेवढ्यातून दिली, देव तिचं भलं करो. पण संध्याकाळी धापूबरोबर तिची जाऊ आली, शेजारीण आली, तीन घागरी. तेव्हा वसंतराव घरी होते. त्यांनी खिडकीतून बघितलं आणि जाऊन फाटकाला कुलूप घातलं. परत येऊन म्हणाले, “एकीला दिलं की सगळी ढाणी येईल. आपल्यालाच पुरत नाही.” शालू जाळीच्या दाराआड उभी. मी म्हटलं, “वसंतराव, ती बाई तुमच्या बायकोला अडीच महिने पाणी पाजत होती.” ते आत गेले आणि त्यांनी रेडिओ लावला. बाहेर त्या तिघी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग वळल्या. शिवी नाही, शाप नाही. दिला असता तर मला बरं वाटलं असतं.

देवाचं काय करायचं हा आणखी एक घोळ. विसर्जित मूर्ती घरात ठेवू नये, पूजू नये, आणि पुन्हा बुडवायला पाणी नाही. शालू म्हणाली, “ताई, तूच ने. कृष्णेत सोड.” तेव्हा परतीच्या गाडीत माझ्या मांडीवर सुरईऐवजी गणपती. अहमदाबादला एका गुजराती बाईनं हात जोडून विचारलं, “नवा आणलात?” मी म्हटलं, “नाही, परत आलाय.”

वाई

येऊन आता वर्ष होत आलं. शालूचं पत्र येतं. पार्क झाला, उद्‌घाटन झालं, मोठा माणूस आला होता. आणि नळही आला म्हणे. पार्कात, हिरवळीला. तिथं राखणदार बसवलाय, घागरी भरू देत नाही. धापू आता भाजी घालायला येत नाही. पाण्यालाच तिचा दिवस जातो. कुठून आणते ते शालूनं लिहिलं नाही, मीही विचारलं नाही.

गणपती फडताळात आहे. कृष्णेवर दोनदा नेला. घाटावर बायका पाणी भरत होत्या, दोन्ही वेळा तसाच परत आणला. यंदाची चतुर्थी तोंडावर आली, तसे आमचे हे परवा म्हणाले, “अगं, किती दिवस त्याला असा कोंडून ठेवणार? घरच्या गणपतीबरोबर दे सोडून आपल्या आडात.”

मी रहाटावर होते. म्हटलं, “तैलरंग आहे त्याला.”

“असू दे गं. एवढ्याशा मूर्तीनं काय होतंय?”

माझ्या हातातला दोर सुटला. पोहरा खडखडत खाली गेला आणि पाण्यावर आपटला.

“अहो,” मी म्हटलं, “मग आपण काय प्यायचं?”